बेटें, यात्रेकरू आणि गांवकी

चोहों बाजूंनीं पाण्यानें वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या भूगोलाच्या विद्यार्थ्यास पुरते. इतिहासाच्या अभ्यासकास ती पुरत नाहीं. त्याच्या दृष्टीनें बेटाचें खरें लक्षण हें कीं, तेथें प्रत्येक वस्तूला मर्यादा असते आणि ती मर्यादा घराच्या ओटीवरून डोळ्यांना दिसते. मुख्य भूमीवर एक विहीर आटली तर माणूस पुढच्या शिवारांत जातो, एक रान तुटलें तर दुसऱ्या रानाकडे वळतो. आपल्या अविचाराचें फळ शेजाऱ्याच्या अंगणांत ढकलण्याची सोय त्याला असते. बेटावरच्या माणसाला ही सोय नाहीं. म्हणून समाईक वस्तूंचा सांभाळ कसा करावा, हा समाजशास्त्रांतील जुना प्रश्न बेटांवर जितक्या लवकर उभा राहतो आणि जितक्या निकडीनें सोडवावा लागतो, तितका तो इतरत्र क्वचितच लागतो.

त्यांतच बेटावर प्रवासी येऊं लागले म्हणजे प्रश्नाला नवें वळण मिळतें. प्रवासी पैसा आणतो, पण पाणी आणीत नाहीं. तो सायंकाळीं परत जातो, पण त्यानें टाकलेला केरकचरा जात नाहीं. बेटाच्या संपत्तीवर दोघांचा हक्क सुरू होतो; एक जन्मभर राहणारा, दुसरा घटकाभर येणारा. अशा वेळीं हिशेब कोणीं ठेवावा, नियम कोणीं करावे आणि नियम मोडणाऱ्यास कोणीं जाब विचारावा, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मराठी मुलुखांतील व त्याच्या सीमेवरील बेटांनीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं दिलीं आहेत. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या, परभणी जिल्ह्यांतील गोदाकांठच्या पाथरीकरांना हीं उत्तरें कशाला हवींत, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें निरसन ओघानें होईल.

आरंभ गोमंतकापासून करूं; कारण या विषयांत सर्वांत जुनी आणि सर्वांत परिपूर्ण संस्था तेथेंच दृष्टीस पडते. मांडवी नदीच्या मुखाजवळ चोडण आणि दिवाडी हीं दोन बेटें आहेत. यांचा सखल भाग भरतीच्या पाण्याखालीं जाणारा. त्यावर भात पिकणें निसर्गाच्या मनांत नव्हतें. तरीसुद्धां शेंकडों वर्षें तेथें भात पिकत आलें, तें चिखलमातीच्या व जांभ्या दगडाच्या लांबच लांब बांधांमुळें. अशा बांधून काढलेल्या जमिनीला खाजन म्हणतात. बांधांत ठिकठिकाणीं लांकडी झडपांचीं दारें असतात. त्यांचें नांव मानस. या दारांची रचना मोठी चातुर्याची आहे. भरती चढूं लागली कीं पाण्याच्या दाबानेंच झडप मिटते आणि खारें पाणी बाहेर अडतें. ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें ती उघडते आणि पावसाचें जादा पाणी नदींत निघून जातें. पावसाळ्यांत या शेतांत खारेपण सोसणारें कोरगुट भात, आणि ओहोटीच्या वेळीं मानशीच्या तोंडाशीं जाळें लावून मासे व कोळंबी, अशी दुहेरी मिळकत एकाच जमिनीची होई.

हे बांध कोणा राजानें सांभाळले नाहींत. ते सांभाळले गांवकरीनें, म्हणजे गांवच्या मूळ वसाहतकारांच्या वंशजांच्या समाईक संस्थेनें. जमीन गांवाची, ती ठराविक मुदतीनें लिलावानें कसावयास दिली जाई. आलेल्या उत्पन्नांतून सरकारसारा, देवळाचा खर्च, गांवच्या सेवकांचें वेतन आणि बांधाची डागडुजी हे खर्च प्रथम भागवावयाचे आणि उरेल तें गांवकारांत झोण म्हणून वांटावयाचें, असा क्रम होता. या क्रमांतच संस्थेचें सारें शहाणपण साठवलेलें आहे. बांधाचा खर्च आधीं, वांटणी मागाहून. बांध फुटला तर पुढच्या वर्षीं वांटावयास कांहींच उरणार नाहीं, हें प्रत्येक भागीदाराला ठाऊक असल्यामुळें बांधाची राखण करण्यासाठीं त्याला उपदेशाची गरज नव्हती.

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें. नव्या सत्तेला या संस्थेंत हात घालण्याचा मोह होणें स्वाभाविक होतें. परंतु सारा वसूल करावयाचा तर जुनी घडी मोडून चालणार नाहीं, हें त्यांनीं लवकर ओळखलें. १५२६ मध्यें अफोन्सो मेशिया या महसुली अधिकाऱ्यानें गांवकारांच्या चालीरीती लिहून काढून त्यांना सरकारी मान्यतेचें रूप दिलें. पुढें धर्मांतराचा काळ आला, देवळें पडलीं. दिवाडीवरचें सप्तकोटीश्वराचें स्थानसुद्धां उठून पलीकडच्या नार्वे गांवीं गेलें आणि तेथें शिवछत्रपतींनीं १६६८ मध्यें देवळाचा जीर्णोद्धार करविला. देव बदलले, भाषा बदलली, पण बांध उभे राहिले. गांवकरीचें 'कोमुनिदाद' असें नामांतर झालें, १९०४, १९३३ व १९६१ या वर्षीं तिच्या कायद्यांच्या संहिता झाल्या; तिची स्वायत्तता मात्र प्रत्येक संहितेगणिक सरकारी कचेरीकडे थोडथोडी सरकत गेली.

१९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्यें कुळकायदा आला. कुळांना जमिनीवर हक्क मिळाला, हें न्यायाचेंच झालें. परंतु त्याबरोबर बांध व मानस यांची जबाबदारी गांवकरीकडून कुळांच्या मंडळांकडे आली, आणि येथें एक सूक्ष्म पण घातक फरक पडला. मासळीचा भाव वाढत गेला, भाताची शेती आंतबट्ट्याची होत गेली. मानशीचा लिलाव घेणाऱ्या मक्तेदाराचें हित झडप अधिक वेळ उघडी ठेवण्यांत आणि शेतांत खारें पाणी खेळविण्यांत. शेतकऱ्याचें हित ती वेळेवर मिटण्यांत. पूर्वीं दोन्ही हितें एकाच वहीखात्यांत जमा होत, आतां तीं निराळ्या खिशांत जाऊं लागलीं. कित्येक ठिकाणीं बांध फुटले, शेतें पाण्याखालीं जाऊन तेथें कांदळवन माजलें. आज चोडणच्या पश्चिम टोंकाला १९८८ पासून डॉ. सलीम अली यांच्या नांवाचें पक्षी-अभयारण्य आहे आणि तें पाहावयास देशोदेशींचे लोक रायबंदरहून खाडी ओलांडून येतात. त्यांना हिरवीगार झाडी दिसते; तिच्या पलीकडच्या बांधामागें किती पिढ्यांचें श्रम गाडलेले आहेत, हें सांगणारा माणूस मात्र त्यांना क्वचितच भेटतो.

गोमंतकाची हकीकत सांगतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या गांवकरीचें गुणगान करण्याची आपल्याकडे हौस आहे. पण ती संस्था सर्वांची कधींच नव्हती. झोण मिळे तो गांवकारांच्या पुरुष वंशजांना. स्त्रियांना तींत मत नव्हतें. मागाहून आलेल्यांना, मोलमजुरी करणाऱ्यांना आणि ज्यांच्या हातांनीं बांधावर चिखल चढे त्यांनाही निर्णयाच्या बैठकींत जागा नव्हती. तेव्हां घ्यावयाचें तें तिचें तत्त्व. जो सांभाळील त्याला वांटा, आणि जो वांटा घेईल त्याच्यावर सांभाळण्याचा भार, एवढाच तिच्यांतला चिरंतन अंश आहे.

आतां उत्तरेकडे मालवणला येऊं. येथील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ मध्यें किल्ला पुरा झाला. सुमारें ४८ एकरांच्या त्या खडकावर तटबंदीच्या आंत दूधबाव, दहींबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूंकडे खारा समुद्र आणि मध्यें गोडें पाणी, हा चमत्कार पाहून आजचा प्रवासी थक्क होतो. पण किल्ल्याची जागा ठरविणाऱ्यांच्या दृष्टीनें तो चमत्कार नसून अट होती. पाणी नसेल तेथें दुर्ग नाहीं. प्रथम पाणी मोजावें, मग वस्ती ठरवावी, हा सतराव्या शतकांतला क्रम एकविसाव्या शतकांतील नियोजनकारांनीं कित्येकदां उलटा केलेला आहे.

किल्ल्याभोंवतालच्या समुद्रावर मालवणच्या गाबितांची व इतर मच्छीमारांची उपजीविका. त्यांची जुनी रीत रापणीची. होडींतून अर्धवर्तुळाकार जाळें टाकावयाचें आणि त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून अनेक हातांनीं ओढावयाचीं. मिळालेल्या मासळीचे ठरलेले वांटे पडतात आणि ओढावयास लागलेल्या हातालाही त्यांत कांहीं मिळतें. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रांत जावयाचें नाहीं, हा त्यांचा दंडक धर्माच्या वेषांत वावरत असला तरी पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ आहे, हें त्याच्या मुळाशीं असलेलें व्यवहारज्ञान उघड आहे. यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हां रापणीचा समुद्र दुसरा कोणी खरवडून नेऊं लागला. गोव्यांत रापणकारांनीं १९७० नंतरच्या दशकांत मोठें आंदोलन उभारलें. महाराष्ट्रांतही १९८१ मध्यें सागरी मासेमारीचें नियमन करणारा कायदा झाला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध आले. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गांवाचा नियम गांवच्या माणसाला बांधतो, परगांवच्या यंत्रनौकेला नाहीं. तेथें राज्याचा कायदाच हवा. स्थानिक संस्थेचें सामर्थ्य सांगतांना तिची ही मर्यादा लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

परंतु राज्याचा हात स्थानिक संमतीवांचून आला म्हणजे काय होतें, याचा पाठही मालवणनेंच दिला. १९८७ मध्यें सरकारनें येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलें. सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोंवतालचा भाग त्याचा गाभा ठरला. प्रवाळ आणि समुद्रजीव यांचें रक्षण हा हेतु उत्तम होता. पण ज्यांच्या होड्या पिढ्यानपिढ्या त्या पाण्यावर होत्या, त्यांना आपलीच वाट बंद होते आहे असें वाटलें. त्यांनीं विरोध केला आणि अभयारण्य बरींच वर्षें कागदावरच राहिलें. पुढें जिल्हा १९९७ मध्यें पर्यटन-जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि प्रवाशांची रीघ वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास-कार्यक्रमाच्या साह्यानें २०११ नंतर जें काम सुरू झालें, त्यांत मात्र दिशा थोडी बदललेली दिसते. ताण पडला तरी मिटत नाहींत आणि लहान मासे निसटूं देतात अशीं चौकोनी आसाचीं जाळीं मच्छीमारांना देण्यांत आलीं. खेकडे व कालवें वाढविण्याचे प्रयोग झाले. तरुणांनीं पाण्याखालीं बुडी मारून प्रवाळ दाखविण्याचा व्यवसाय पत्करला. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडींत तर बचत-गटाच्या स्त्रिया स्वतः वल्हीं मारून प्रवाशांना कांदळवन दाखवितात. ज्या कांदळवनाचा उपयोग एके काळीं सरपणापुरता होता, तें उभें राहण्यांत आतां त्यांचा संसार गुंतलेला आहे. जुलै २०२५ मध्यें सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादींत गेला. प्रवासी आणखी वाढतील. म्हणून होडीवाल्यांची, मच्छीमारांची व या स्त्रियांची बैठक कोणत्या कचेरींत कितवी मानली जाते, यावर पुढचा इतिहास अवलंबून राहील.

तिसरें बेट मुंबईच्या दारांतलें घारापुरी. सहाव्या शतकांतील तेथील शैव लेणीं जगप्रसिद्ध आहेत. पोर्तुगीजांनीं दगडी हत्ती पाहून बेटाला 'एलिफंटा' हें नांव दिलें. तो हत्ती १८६४ मध्यें विलायतेस नेण्याच्या खटपटींत फुटला आणि आतां मुंबईच्या भायखळ्याच्या बागेंत सांधून उभा आहे. १९८७ मध्यें लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या आहेत, वस्ती हजार-बाराशेंची. लेण्यांशेजारीं कातळांत पाण्याचीं टाकीं खोदणाऱ्या शिल्पकारांना उन्हाळ्याची आठवण होती. पुढच्या काळांत ती राहिली नाहीं. रात्रीं समोर मुंबईचे दिवे लखलखत असतां या वाड्यांत संध्याकाळचे कांहीं तास डिझेलच्या यंत्रावर दिवा जळे. समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटर तारा टाकून तेथें कायमची वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजीं. जगाचा वारसा ठरल्यावर एकतीस वर्षांनीं! लेणीं पुरातत्त्व खात्याचीं, होड्या मुंबईच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या, आणि गांवच्या वांट्याला खेळणीं, सरबतें व माळा विकण्याचीं दुकानें. ग्रामपंचायत प्रवाशांकडून अल्पसा कर घेते, हाच काय तो गांवकरीच्या जुन्या तत्त्वाचा उरलेला धागा. तो बारीक आहे, पण तुटलेला नाहीं. आणि सुधारणा करावयाची तर याच धाग्यापासून करतां येईल.

परदेशांतलीं दोन उदाहरणें या चित्राला पूर्णता आणतात, आणि दोन्ही फिलिपाईन्सचींच आहेत. आपो नांवाच्या एका चिमुकल्या बेटावर १९८२ मध्यें सिलिमान विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं गांवकऱ्यांशीं बोलून, त्यांच्या संमतीनें, प्रवाळाचा एक भाग मासेमारीस बंद केला. राखण गांवकऱ्यांनींच केली. कांहीं वर्षांत बंद भागांतली मासळी वाढून शेजारच्या पाण्यांत पसरूं लागली, आणि तिच्या मागोमाग समुद्रतळ पाहणारे प्रवासीही आले. याउलट बोराकाय या सुप्रसिद्ध बेटावर आधीं खाणावळी उठल्या आणि सांडपाण्याचा विचार मागाहून झाला. शेवटीं २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने तें बेटच सरकारला प्रवाशांसाठीं बंद करावें लागलें. गॅरेट हार्डिन या लेखकानें १९६८ मध्यें असें प्रतिपादन केलें होतें कीं, समाईक वस्तूचा नाश अटळ असतो. ती एक तर खासगी तरी करावी, नाहीं तर सरकारी तरी. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत अनेक देशांतील कुरणें, कालवे आणि मासेमारीचीं पाणी तपासून दाखविलें कीं, तिसराही मार्ग आहे. लोक स्वतः नियम करतात आणि शतकानुशतकें पाळतात. मात्र हक्कदार कोण हें स्पष्ट असावें, नियम बदलण्याचा अधिकार नियम पाळणाऱ्यांना असावा, राखणदार त्यांनाच जबाबदार असावा, आणि दंड गुन्ह्याच्या मानानें चढत जावा. २००९ मध्यें तिला नोबेल पारितोषिक मिळालें. चोडणच्या एखाद्या जुन्या गांवकाराला हें सारें वाचून दाखविलें असतें, तर यांत नवें काय, असेंच त्यानें विचारलें असतें!

आतां पाथरी. या गांवाचें नांव दक्षिणेच्या इतिहासांत वारंवार येतें. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुळकर्ण्याच्या घराण्यांतला, अशी परंपरा आहे. आपल्या पूर्वजांचें गांव आपल्या राज्यांत असावें म्हणून बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशाहीशीं वैर मांडलें आणि १५१८ मध्यें पाथरी जिंकून घेतली. तेवढ्यानें तंटा मिटला नाहीं, तो पुढेंही चालू राहिला. मोगलांच्या अमदानींत पाथरी वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होती. नंतर ती हैदराबादच्या राज्यांत १९४८ पर्यंत राहिली. पांच शतकांनंतर गांवाचें नांव पुन्हा वादांत आलें. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म पाथरीचा, असें कांहीं अभ्यासकांनीं मांडलें. गांवांत त्यांचें मंदिर उभें राहिलें. आणि जानेवारी २०२० मध्यें तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं पाथरीच्या विकासासाठीं १०० कोटी रुपये जाहीर केले, तेव्हां शिर्डीकरांनीं गांव बंद ठेवून निषेध केला. जन्मस्थानाचा निर्णय करणें या लेखाचें काम नव्हे. येथें एवढेंच नमूद करावयाचें कीं, १५१८ त काय आणि २०२० त काय, भांडण पाथरीच्या नांवावरून झालें. पाथरीच्या पाण्याची चौकशी दोन्ही वेळां कोणी केली नाहीं.

आणि येथेंच बेटाची उपमा सार्थ होते. पाथरीच्या भोंवतीं समुद्र नाहीं. पण मराठवाड्यांतलें कोणतेंही गांव उन्हाळ्यांत बेटच असतें. तालुक्याला आधार गोदावरीचा, तिच्यावरील ढालेगांवच्या बंधाऱ्याचा आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा. १९६५ मध्यें लालबहादुर शास्त्रींच्या हस्तें ज्याची कोनशिला बसली, त्या धरणाचें पाणी वरच्या धरणांतून किती सुटेल यावर खालच्या शेतकऱ्याचें नशीब टांगलेलें असतें. एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट फार जुनी नव्हे. अशा मुलुखांत यात्रेकरूंसाठीं निवास बांधणें म्हणजे बेटावर खाणावळ काढण्यासारखेंच आहे. तें करूं नये असें कोणीच म्हणणार नाहीं. यात्रा आली तर गांवच्या तरुणाला पुण्यामुंबईची वाट धरावी लागणार नाहीं. प्रश्न क्रमाचा आहे.

तो क्रम बेटांनीं शिकविला आहे. सिंधुदुर्गानें सांगितलें, आधीं पाणी मोजा. चोडणनें सांगितलें, बांधाचा खर्च आधीं काढा आणि मग वांटणी करा. म्हणजे यात्रेच्या उत्पन्नांतला ठराविक भाग विहिरी, ओढे आणि गटारें यांसाठीं प्रथम बाजूला पडावा आणि त्याचा हिशेब दरवर्षीं चौकांत वाचला जावा. मालवणनें सांगितलें, ज्यांची वाट अडणार आहे त्यांना आधीं विचारा. घारापुरीनें सांगितलें, लौकिक गांवाचा आणि अंधारही गांवाचाच, असें होऊं देऊं नका. यासाठीं नवी यंत्रणा निर्माण करण्याचीही गरज नाहीं. गांवाला नगर परिषद आहे. आणि २००५ च्या कायद्यानें कालव्यावरील शेतकऱ्यांना पाणी-वापर-संस्था स्थापून पाण्याचा वांटा मापून घेण्याचा व आपसांत वांटण्याचा अधिकार दिलेला आहे. देवस्थानाचे व्यवस्थापक, नगर परिषदेचे सभासद आणि या संस्थांचे शेतकरी एका बैठकींत बसले पाहिजेत. त्या बैठकींत डोक्यावर घागर वाहणाऱ्या स्त्रीलाही जागा असली पाहिजे, कारण पाणी संपत आल्याची खबर गांवांत सर्वांच्या आधीं तिला लागते. जुन्या गांवकरीनें जी चूक केली ती पुन्हा करण्याचें आपल्याला कारण नाहीं.

यात्रेकरू श्रद्धेनें येतो आणि प्रसाद घेऊन जातो. गांवानें त्याला पाणी द्यावें, हा आपला जुना धर्म आहे. परंतु तो धर्म वर्षानुवर्षें चालवावयाचा असेल तर रांजण कोणीं भरावयाचा आणि तो किती वेळां भरेल, हें यात्रा मोठी होण्यापूर्वींच ठरलें पाहिजे. चोडणच्या बांधाप्रमाणें हा बांधही कोरड्या दिवसांतच घालावा लागतो.